गावागावांची पलटण

मंडळी, नमस्कार.

आज ज्या ब्रिगेडविषयी बोलायचंय ती अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची आहे. ११६ वी इन्फंट्री ब्रिगेड, राखीव पायदळाची. साताऱ्यात उभं राहून व्हर्जिनियाची पलटण कशाला, असं मनात येणं साहजिक आहे. म्हणून सुरुवात आपल्या अपशिंग्यापासून करतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं कामी आली. गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला आणि आजही तो तिथंच आहे. लहानपणी आजोबांचं बोट धरून मी तिथल्या स्तंभासमोर उभा राहिलो होतो. तेव्हा एकच प्रश्न मनात आला: एवढ्याशा गावात ४६ वेळा ती बातमी घेऊन कोण गेलं असेल? कुठल्या दारात आधी गेलं असेल?

हा प्रश्न मनात तसाच राहिला. पुष्कळ वर्षांनी लेकीकडे व्हर्जिनियात गेलो असताना तिनं मला बेडफोर्ड नावाच्या गावी नेलं. ब्लू रिज डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेलं लहानसं गाव. १९४४ साली तिथली वस्ती ३,२०० च्या आसपास होती. म्हणजे आपल्याकडच्या आठवडी बाजाराच्या गावाएवढी. मुख्य रस्त्यावर एक जुनं औषधांचं दुकान होतं, ग्रीन्स ड्रगस्टोअर. त्याच दुकानात तारऑफिसचं यंत्र बसवलेलं होतं. त्या यंत्रापाशी मला माझ्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर सापडलं. तिथं आपण नंतर पोचूच. त्याआधी ही पलटण काय चीज आहे ते समजून घेऊ.

राखीव सैन्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते निवृत्त झालेल्या जवानांचं दल, गरज पडली की बोलावून घ्यायचं. अमेरिकेतला नॅशनल गार्ड तसा नाही. तिथला माणूस आधी शिक्षक असतो, सुतार असतो, शेतकरी असतो, आणि त्याच वेळी सैनिकही असतो. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. आपला कुणबी दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघायचा आणि मृगाच्या आत बांधावर परत यायचा. नांगर आणि तलवार एकाच घरात, बहुधा एकाच कोपऱ्यात. अमेरिकेत वसाहती झाल्या तेव्हा तिथंही गावोगाव हीच रीत होती. १३ डिसेंबर १६३६ रोजी मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीनं आपल्या गावदलांच्या तीन रेजिमेंटी बांधायचा हुकूम काढला. नॅशनल गार्ड तो दिवस आपला वाढदिवस मानतो. अमेरिका नावाचं राष्ट्र जन्माला यायला त्यानंतर १४० वर्षं लागली! आपल्या ११६ व्या ब्रिगेडची मुळं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, व्हर्जिनियाच्या ऑगस्टा परगण्यातल्या अशाच गावदलात जातात. स्टॉन्टन हे तिथलं मुख्य गाव, आणि ब्रिगेडचं मुख्यालय आजही स्टॉन्टनलाच आहे.

या दलाला दोन धनी आहेत, आणि तिथल्या रचनेची गोम त्यातच आहे. शांततेच्या काळात गार्ड राज्याचा. पूर आला, वादळ आलं, दंगल झाली की राज्यपाल त्याला बोलावतात. तिथले राज्यपाल लोकांनी निवडून दिलेले असतात, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखेच. युद्ध आलं की राष्ट्राध्यक्ष त्याला केंद्राच्या सेवेत घेतात आणि मग तो देशाच्या सैन्याचा भाग होतो. ही सांगड बसायला फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक राज्याचा गणवेश वेगळा, बंदुका वेगळ्या, शिस्तही वेगळी. १९०३ च्या कायद्यानं केंद्रानं पैसा द्यायला सुरुवात केली आणि बदल्यात वर्षाला २४ कवायती आणि ५ दिवसांची छावणी सक्तीची केली. १९१६ च्या कायद्यानं हे दुप्पट-तिप्पट केलं: ४८ कवायती, १५ दिवस छावणी. या ४८ च्या आकड्याकडे जरा लक्ष द्या. तेव्हा आठवड्याला एक संध्याकाळ कवायत असायची, म्हणून वर्षाच्या ४८. आज गार्डचे लोक महिन्यातून एक शनिवार-रविवार येतात. त्या दोन दिवसांच्या चार कवायती धरतात, आणि बारा महिन्यांच्या झाल्या ४८. शंभर वर्षांत जगात एवढी उलथापालथ झाली, हिशेब मात्र तोच राहिला. सैन्य कशाला चिकटून राहतं ते अशा बारीकसारीक गोष्टींतून कळतं.

आता या पलटणीच्या नावाकडे येतो. हे मला आडपडदा न ठेवता सांगायचंय. या ब्रिगेडला जुनं नाव आहे, स्टोनवॉल ब्रिगेड. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं तेव्हा दक्षिणेच्या बाजूनं हार्पर्स फेरी इथं व्हर्जिनियाच्या पाच रेजिमेंटी एकत्र आल्या: दुसरी, चौथी, पाचवी, सत्ताविसावी आणि तेहेतिसावी. त्यांचा सेनापती थॉमस जॅक्सन. २१ जुलै १८६१ च्या मॅनासासच्या लढाईत बाकीची फळी मोडत असताना जॅक्सनची ब्रिगेड टेकडीवर घट्ट उभी राहिली, आणि त्याच बाजूच्या जनरल बी यांनी ती पाहून दगडी भिंतीची उपमा दिली. तिथून जॅक्सन झाला 'स्टोनवॉल' आणि ब्रिगेडही. मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिलला अंधारात जॅक्सनला त्याच्याच बाजूच्या लोकांची गोळी लागली आणि आठ दिवसांनी तो गेला. त्यानंतर ब्रिगेडचं नाव अधिकृत झालं. पुढच्या वर्षी, १२ मे १८६४ ला, स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईत ही ब्रिगेड जवळजवळ संपलीच. १८६५ मध्ये अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेची शरणागती झाली तेव्हा दोनशेच्या आसपास माणसं उरली होती. चार वर्षांत तिच्यातून गेलेले लोक हजारांनी होते.

ही माणसं शूर होती यात वाद नाही. पण ती ज्या सत्तेसाठी लढली ती माणसं विकत घेणारी, गुलामगिरी टिकवू पाहणारी सत्ता होती. त्यांच्या हाताखाली राबणाऱ्या काळ्या माणसाला त्या शौर्याशी काय देणंघेणं असणार? पलटणीचा अभिमान सांगताना हा भाग गाळणं मला जमत नाही. तो गाळला की इतिहासाचा पोवाडा होतो.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, व्हर्जिनियाच्या तीन जुन्या रेजिमेंटी एकत्र करून ११६ वी इन्फंट्री रेजिमेंट बांधली. तिला नव्या २९ व्या डिव्हिजनमध्ये घातलं. या डिव्हिजनमध्ये मेरीलँड, न्यू जर्सीचे लोकही होते, म्हणजे ज्यांचे आजोबा यादवीत एकमेकांसमोर उभे होते त्यांचे नातू आता एकाच रांगेत. म्हणून तिला 'ब्लू अँड ग्रे' नाव पडलं. निळा उत्तरेचा, करडा दक्षिणेचा. खांद्यावरच्या बिल्ल्यात हे दोन रंग एकमेकांत वळलेले दिसतात. सुरेख कल्पना आहे. पण त्या बिल्ल्यात काळ्या अमेरिकनाला जागा नव्हती, कारण तेव्हाचं सगळं सैन्यच रंगानुसार विभागलेलं होतं. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवायचा आदेश काढला, आणि राज्यांच्या गार्डमध्ये तो झिरपायला त्याहूनही पुष्कळ वेळ लागला.

आता रचना सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन पायदळ कंपनी म्हणजे १९० च्या आसपास माणसं. अशा चार-पाच कंपन्यांची बटालियन, तिच्यात साडेआठशेच्या वर माणसं. तीन बटालियनची रेजिमेंट, तीन हजारांच्या वर. १९४२ च्या आधी गार्डच्या डिव्हिजनमध्ये दोन ब्रिगेडी आणि चार रेजिमेंटी असायच्या. मग सैन्यानं ब्रिगेडचा मधला थर काढून टाकला आणि डिव्हिजनला तीन रेजिमेंटींवर आणलं. त्यामुळे फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीत, आपली ११६ वी लढली ती रेजिमेंट म्हणून. ब्रिगेड हा शब्द तिला पुन्हा मिळाला तो युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी.

खरी गोष्ट मात्र कंपन्यांची आहे. गार्डमध्ये कंपनी गावाला वाटून दिलेली असते. ए कंपनी बेडफोर्डची, बी लिंचबर्गची, सी हॅरिसनबर्गची, डी रोआनोकची. जी फार्मव्हिलची, एच मार्टिन्सव्हिलची, के शार्लट्सव्हिलची, एल स्टॉन्टनची. आठवड्याच्या कवायतीला पोरं पायी नाहीतर सायकलवर यायला हवीत, तर कंपनी जवळच हवी. एवढं साधं कारण. पण त्याचा परिणाम केवढा खोल जातो बघा. तुमच्या डाव्या हाताला उभा असलेला माणूस तुमच्या वर्गातला, उजव्या हाताला तुमचा चुलतभाऊ, पुढं सार्जंट म्हणून उभा आहे तो तुमच्या गल्लीतला. भित्रेपणा करायची सोय नाही, कारण घरी परत जाऊन त्याच माणसांत राहायचंय. आपल्या मराठा पलटणीत एकाच तालुक्याची, एकाच भावकीची माणसं भरायची पद्धत होती तिच्यामागेही हेच होतं.

१९३० च्या दशकात मंदी होती. बेडफोर्डमध्ये एका कवायतीचा एक डॉलर मिळायचा. शेतावरच्या पोराला तेवढ्यावर रोख पैसा बघायला मिळायचा, वर गणवेश, वर उन्हाळ्यात समुद्रकाठची छावणी. दोन भाऊ, तीन मित्र, असे घोळक्यानं भरती झाले. रॉय आणि रे स्टीव्हन्स हे जुळे भाऊ त्यांतलेच. बेडफोर्ड होबॅक आणि रेमंड होबॅक, हेही सख्खे भाऊ. हो, थोरल्याचं नाव आणि गावाचं नाव एकच. कंपनीचा कॅप्टन टेलर फेलर्स, रस्ते बांधणीच्या कामावरचा माणूस, गावातलाच.

३ फेब्रुवारी १९४१ रोजी २९ व्या डिव्हिजनला केंद्राच्या सेवेत घेतलं. एका वर्षासाठी, असं सांगून. मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला त्यांची छावणी पडली. वर्ष संपायच्या आधीच मुदत वाढवली गेली, आणि डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. मग परतीची गोष्टच उरली नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये 'क्वीन मेरी' या अजस्र प्रवासी जहाजातून ११६ वी रेजिमेंट इंग्लंडला निघाली. २ ऑक्टोबरला, किनारा जवळ आला असताना, क्वीन मेरीनं आपल्याच संरक्षणाला आलेल्या 'कुरासोआ' या ब्रिटिश युद्धनौकेला धडक दिली आणि तिचे दोन तुकडे झाले. पाणबुड्यांच्या भीतीनं थांबायचं नाही असा हुकूम होता. जहाज पुढं गेलं. तीनशेहून अधिक खलाशी बुडाले. बेडफोर्डच्या पोरांनी युद्ध पाहिलं ते पहिल्यांदा असं, कठड्याला धरून.

इंग्लंडमध्ये ते जवळजवळ वीस महिने राहिले. त्यातला बराच काळ डेव्हनमध्ये, आयव्हीब्रिज गावाजवळ. डार्टमूरच्या चिखलात आणि स्लॅप्टन सँड्सच्या वाळूत सराव करून करून हात सोलले. एवढे दिवस राहिले की बाकीचे सैनिक त्यांना 'इंग्लंडचीच पलटण' म्हणायला लागले. या काळात कंपनी हळूहळू बदलली. कुणी आजारी पडलं, कुणाची बदली झाली, कुणी वय जास्त म्हणून घरी गेलं, आणि त्यांच्या जागी देशभरातून सक्तीच्या भरतीचे जवान आले. फेब्रुवारी १९४१ मध्ये शंभराच्या आसपास असलेल्या बेडफोर्डकरांपैकी जून १९४४ मध्ये कंपनीत तीसएक जणच राहिले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांचा समज असतो की अख्खी कंपनी एका गावाची होती. तशी ती राहिली नव्हती. तरी कंपनीचा कणा, म्हणजे कॅप्टन, सार्जंट, स्वयंपाकघर सांभाळणारे, बेडफोर्डचाच होता.

६ जून १९४४, म्हणजे डी-डे. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, दोस्त सैन्य उतरलं तो दिवस. तिथल्या ओमाहा नावाच्या किनाऱ्यावरच्या पहिल्या लाटेत दोन रेजिमेंटी होत्या. एक होती अनुभवी १६ वी, आफ्रिका आणि सिसिलीत लढून आलेली. दुसरी आपली ११६ वी, जिनं अजून एकही गोळी शत्रूवर झाडली नव्हती. तिच्यातल्या ए कंपनीला मिळाला डॉग ग्रीन नावाचा पट्टा, व्हिएरव्हिल गावाकडे जाणाऱ्या वाटेच्या अगदी तोंडाशी. किनाऱ्यापासून दहा-बारा मैलांवर 'एम्पायर जॅव्हेलिन' जहाजावरून पोरं छोट्या होड्यांत उतरली. एका होडीत तीसेक जण. अंधार, उसळता समुद्र, पाठीवर ओझं. उतरण्याआधी रे स्टीव्हन्सनं भावापुढे हात केला. रॉय म्हणाला, आता नाही, व्हिएरव्हिलच्या चौकात भेटू तेव्हा हात मिळवू. त्यानं हात मिळवला नाही.

रॉयची होडी किनाऱ्याच्या अलीकडेच बुडाली. पाण्यातून वाचवून त्यांना परत जहाजावर नेलं. रेची होडी किनाऱ्याला लागली. साडेसहाच्या सुमाराला होड्यांची फळकुटं खाली पडली आणि वरच्या कड्यांवरून, काँक्रीटच्या बुरुजांतून मशीनगन सुरू झाल्या. विमानांनी टाकलेले बॉम्ब ढगांमुळे आत, शेतांत पडले होते. किनाऱ्यावर आडोशाला एक खड्डासुद्धा नव्हता. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ए कंपनीला कुणी नायक उरला नाही. कॅप्टन फेलर्सच्या होडीतला एकही माणूस वाचला नाही. त्या एका दिवसात बेडफोर्डची किमान १९ पोरं गेली. लोकसंख्येच्या हिशेबानं अमेरिकेतल्या कुठल्याही गावानं त्या दिवशी एवढी किंमत मोजली नाही.

किनारा शेवटी मिळाला. ए कंपनी पडली त्या वाटेनं तो मिळाला नाही. शेजारच्या कड्यावरून चढून गेलेल्या लोकांनी मिळवला. ११६ व्याचा कर्नल कॅनहॅम मनगटातून गोळी गेलेली असताना तसाच फिरत राहिला. ब्रिगेडियर जनरल कोटा वाळूवर उभं राहून लोकांना हलवत होता. दोन दिवसांनी, ८ जूनला, ग्राँकां गावात शार्लट्सव्हिलच्या के कंपनीचा सार्जंट फ्रँक पेरेगोरी एकटा शत्रूच्या खंदकात शिरला. त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेतला सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळालं, पण ते घ्यायला तो उरला नाही. १४ जूनला तो मारला गेला.

काही दिवसांनी रॉय स्टीव्हन्स किनाऱ्यावर उतरला. तिथं घाईघाईनं केलेली दफनभूमी होती. तो आडनावांच्या क्रमानं एस अक्षराकडे गेला. एका क्रुसावर लटकवलेल्या बिल्ल्यावर चिखल होता. त्यानं तो पुसला. खाली नाव होतं रेचं.

आता बेडफोर्डला, त्या औषधांच्या दुकानात परत जाऊ.

सहा जूनला आक्रमणाची बातमी गावात रेडिओवर पोचली. चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. मग जून गेला, जुलै अर्धा गेला. पोरांची पत्रं यायची थांबली होती. घरच्यांनी पाठवलेली पत्रं परत यायला लागली होती. आया एकमेकींना विचारायच्या आणि कुणी काही बोलायची नाही. गावात सगळ्यांना सगळं कळलं होतं, फक्त कागद आला नव्हता. १७ जुलै, सोमवार. तारेच्या यंत्रावर बसणारी एलिझाबेथ टीस नावाची तरुणी कामावर आली, यंत्र सुरू केलं. रोआनोकहून निरोप आला की मृतांच्या तारा आहेत. अशा तारा पूर्वीही आल्या होत्या, पण एकेक. त्या दिवशी कागदाची पट्टी थांबेचना. एका दिवसात नऊ तारा आल्या. दुकानात औषधाला आलेली, सोडा प्यायला आलेली जी माणसं होती त्यांनाच ती तारा वाटून द्यायला विनवत राहिली. टॅक्सीवाला, शेरीफ, ज्याला ज्या रस्त्यानं जायचं तो. होबॅक कुटुंबाला आदल्याच दिवशी, रविवारी, चर्चला निघताना थोरल्या बेडफोर्डची तार मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या रेमंडची. तो बेपत्ता होता.

ही हकिगत त्या दुकानाच्या जागी आता उभ्या असलेल्या स्मृतिकेंद्रात मी वाचली तेव्हा मला अपशिंग्याचा स्तंभ आठवला. बातमी कुणी नेली? ज्याला ज्या रस्त्यानं जायचं होतं त्यानं.

आणि त्याच दिवशी, १७ जुलैला, सँ लो शहराबाहेर ११६ व्याच्या तिसऱ्या बटालियनचा प्रमुख मेजर थॉमस हाउई तोफगोळ्यानं मारला गेला. युद्धाआधी हा माणूस स्टॉन्टनच्या सैनिकी शाळेत इंग्रजी साहित्य शिकवायचा, पोरांना फुटबॉल शिकवायचा. सँ लोमध्ये आपण पहिले शिरायचं, हा त्याचा हट्ट होता. १८ जुलैला शहर पडलं तेव्हा त्याच्या लोकांनी त्याचा देह बरोबर नेला आणि सेंट क्रॉय चर्चच्या ढिगाऱ्यावर झेंड्याखाली ठेवला. मी आयुष्यभर शिक्षक होतो. वर्गात कविता शिकवणारा मास्तर तीनएक वर्षांनी पाचशे-आठशे माणसांच्या जिवाचा हिशेब करतो, ही राखीव सैन्याची सगळ्यांत अवघड बाजू मला या एका माणसात दिसते. पूर्णवेळ सैनिकानं ते ओझं तरुणपणीच स्वीकारलेलं असतं. याच्या टेबलावर तपासायच्या वह्या असतात.

युद्ध संपेपर्यंत २९ व्या डिव्हिजनमधले मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा वीस हजारांच्या वर गेला. तिचं मंजूर बळ होतं चौदा हजारांच्या आसपास. म्हणजे अख्खी डिव्हिजन कागदावर एकदा संपून पुन्हा भरली.

मग प्रश्न उरतो: कंपनी एका गावाची ठेवावी का? मला विचाराल तर मी बरीच वर्षं नाही म्हणत होतो. एका गावावर एवढं कर्ज टाकायचा कुणाला अधिकार नाही, असं माझं मत होतं. बेडफोर्डला जाऊन आल्यावर मी जरा थांबलो. कारण तिथं कळलं की बेडफोर्डची ए कंपनी आजही बेडफोर्डचीच आहे. कुणी ती हलवली नाही, आणि गावानंही ती नाकारली नाही. महिन्यातून एकदा आजही तिथल्या शस्त्रागारात पोरं-पोरी जमतात. ज्यांच्या पणजोबांचं नाव पाटीवर आहे, त्यांतलंही कुणी असेल.

युद्धानंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो, कारण ती बरीचशी पुनर्रचनांची यादी आहे. रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, १९६८ मध्ये २९ वी डिव्हिजनच बरखास्त झाली, १९७५ मध्ये ११६ वी ही स्वतंत्र ब्रिगेड म्हणून बांधली गेली, आणि १९८५ मध्ये डिव्हिजन परत आल्यावर ती पुन्हा तिच्यात गेली. गेल्या दशकात तिची बांधणी अशी होती: लिंचबर्गला एक पायदळ बटालियन, दुसरीही व्हर्जिनियातलीच, तिसरी तर शेजारच्या केंटकी राज्यातली. त्यांच्या जोडीला टेहळणीची एक, तोफखान्याची एक, इंजिनिअरांची एक आणि रसद-दुरुस्तीची एक बटालियन. म्हणजे ही ब्रिगेड स्वतःच्या तोफा, स्वतःचे पूल बांधणारे, स्वतःची अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन एकटी लढायला उभी राहू शकत होती. पूर्वी या गोष्टी डिव्हिजनकडे असत. अशा ब्रिगेडला ब्रिगेड कॉम्बॅट टीम म्हणतात ते एवढ्याचसाठी. तेव्हा सगळ्या अमेरिकेत गार्डच्या अशा, पायदळाच्या आणि रणगाड्यांच्या मिळून, २७ ब्रिगेडी होत्या.

या रचनेचा दुसरा पाय कायद्यात आहे. १९९४ च्या एका कायद्यानं गार्डच्या माणसाला लष्करी सेवेवर बोलावलं तर त्याची नोकरी राखून ठेवणं मालकावर बंधनकारक केलं. राखीव सैन्याबद्दल बोलताना आपण तोफा मोजतो. पण वर्षभरानं परत आलेल्या माणसाला जुन्या टेबलाशी बसायला मिळेल की नाही, यावर उद्या तो कवायतीला येईल की नाही हे ठरतं. आपल्याकडेही प्रादेशिक सेना आहे, टेरिटोरियल आर्मी. १९४८ च्या कायद्यानं ती उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचं उद्घाटन केलं. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली तिची एक बटालियन कोल्हापुरात आहे. तिच्यातल्या जवानांना भेटा, आणि त्यांना नोकरीबद्दल विचारा. पहिला विषय तोच निघेल.

अफगाणिस्तानात २००४-०५ मध्ये ११६ व्याची तिसरी बटालियन गेली तेव्हा तिच्या दलाचं नाव ठेवलं होतं टास्क फोर्स नॉर्मंडी. साठ वर्षांनंतरही त्यांना तेच नाव घ्यावंसं वाटलं.

बेडफोर्डच्या टेकडीवर ६ जून २००१ रोजी राष्ट्रीय डी-डे स्मारकाचं लोकार्पण झालं. मोठी कमान आहे, उंची ४४ फूट ६ इंच. सहा जून चव्वेचाळीस. खाली पाण्याचं कुंड, त्यात वाळूकडे सरकणाऱ्या सैनिकांचे पुतळे, आणि मध्येच पाण्यातून कारंज्याचे बारीक फवारे फुटतात, गोळ्या पडल्यासारखे. माझी आठ वर्षांची नात ते बघत होती. तिनं विचारलं, आजोबा, यातले कुठले इथले? मी म्हटलं, सगळेच समज.

एक गोष्ट सांगायची राहिली. ७ जूनला ओमाहाच्या वाळूत चालताना एका अमेरिकन सैनिकाला एक बायबल सापडलं. आत नाव लिहिलं होतं, रेमंड होबॅक, आणि घरचा पत्ता. त्याला वाटलं, हा मुलगा असेल कुठंतरी पुढं. त्यानं ते बायबल पत्रासह बेडफोर्डला पाठवून दिलं. दोन तारांच्या पाठोपाठ ते घरी पोचलं. रेमंडचा देह कधीच मिळाला नाही. पुढं सरकारनं घरोघरी विचारलं, तुमच्या मुलाला परत आणायचं का, की तिथंच ठेवायचं? पुष्कळांनी आणलं. होबॅक कुटुंबानं थोरल्याला नॉर्मंडीतच राहू दिलं. बेडफोर्ड आज तिथल्या दफनभूमीत आहे, आणि तिथल्याच बेपत्तांच्या भिंतीवर रेमंडचं नाव आहे. बायबल मात्र आईनं शेवटपर्यंत जवळ ठेवलं.